मिश्र वनांत कीड कमी लागते काय?

गतवर्षीं आषाढांत आम्ही कोंकणांत आमच्या वडील मामेभावांकडे गेलों होतों. दादांनीं आठ वर्षांपूर्वीं आपल्या वडिलोपार्जित वरकस जमिनीपैकीं दोन एकरांत साग लाविला आहे. पूर्वीं त्या जागीं ऐन, किंजळ, हेद, जांभूळ, कुंभा असें मिसळीचें रान होतें. त्यापासून वर्षाकांठीं कांहीं भारे सरपण आणि भाजावळीपुरता टहाळ यापलीकडे उत्पन्न असें मिळत नसे. सागाचें लाकूड म्हणजे उभें सोनें, असें चार शहाण्यांकडून ऐकून दादांनीं तें रान तोडविलें आणि नातीच्या पुढील शिक्षणाची तजवीज म्हणून ओळीनें सागाचीं रोपें लाविलीं. रोपांनीं अंग धरलें, तीं पुरुषभर उंचीच्या वर गेलीं, आणि दादांच्या मनांत नातीच्या शिक्षणाचा हिशेबही मोठा होत गेला.

आम्ही त्या बागेंत शिरलों तेव्हां पावसाची बारीक झिमझिम चालू असल्याचा आवाज आला. आकाश तर निवळलेलें होतें. आम्ही वर पाहूं लागलों, तेव्हां दादा म्हणाले, “हा पाऊस नव्हे. अळ्यांची विष्ठा पडते आहे.” झाडांच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या, आणि रेशमासारख्या धाग्यांवर लोंबकळत हजारों काळसर अळ्या खालीं उतरत होत्या. दहा दिवसांपूर्वीं हिरवीगार असलेली बाग शिशिरांतल्यासारखी उघडी पडली होती.

संध्याकाळीं ओटीवर बसल्यावर दादांनीं विचारलें, “तुम्ही मासिकांतून लिहिणारी मंडळी. मला एवढेंच सांगा, मी जुनें रान राखून त्यांतच साग मिसळला असता, तर हें संकट टळलें असतें काय?” आम्ही मोठ्या विश्वासानें उत्तर दिलें, “अर्थात् टळलें असतें.” पुण्यास परत आल्यावर मात्र या विषयावरील ग्रंथ व अहवाल चाळले, आणि आपण उत्तर देण्यांत उतावळेपणा केला असें आम्हांस दिसून आलें. दादांचा प्रश्न सोपा वाटतो. त्याचें उत्तर तितकें सोपें नाहीं. आज अनेक कुटुंबें गांवच्या जमिनींत साग किंवा दुसरें एखादें झाड एकजात लावण्याच्या विचारांत असल्यामुळें हें उत्तर सर्व वाचकांपुढें मांडणें आम्हांस योग्य वाटतें.

सागावरील अळी

या अळीस शास्त्रीय भाषेंत ‘हायब्लिया प्युएरा’ असें नांव आहे. तिचा पतंग लहानसा असतो. पुढचे पंख मातकट तपकिरी आणि मागचे काळे, त्यांवर नारिंगी पट्टे, असें त्याचें रूप. एक मादी सुमारें पांचशें अंडीं घालते, आणि अंड्यापासून पुन्हा पतंग होण्यास बहुधा तीन-चार आठवडे पुरतात. सागास नवी कोंवळी पालवी फुटते त्याच सुमारास हे पतंग झुंडीनें येतात. अळी पानाची कडा कातरून दुमडते, त्या घडींत लपून राहते, आणि थोड्याच दिवसांत शिरा सोडून सारें पान फस्त करते. उत्तरार्धांत, म्हणजे पावसाळा सरत आल्यावर, दुसऱ्या एका जातीची अळी पानाची जाळी करून टाकते. परंतु खरें नुकसान पहिलीचें असतें.

या हल्ल्यानें झाडें मरत नाहींत, पुन्हा पालवी फुटते, आणि त्यामुळें वरवर पाहणारास हानि अशी दिसत नाहीं. ती हानि मोजण्याचें काम केरळांतील पीची येथील वनसंशोधन संस्थेनें केलें. डॉ. के. एस. एस. नायर व त्यांचे सहकारी यांनीं निलंबूर येथील चार ते नऊ वर्षांच्या सागाच्या लागवडींत कांहीं झाडें अळीपासून राखलीं आणि कांहीं तशींच सोडलीं. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत असें दिसतें कीं, राखलेल्या झाडांत दर हेक्टरीं वर्षास ६.७ घनमीटर लाकूड वाढलें, आणि न राखलेल्यांत अवघें ३.७. म्हणजे शेंकडा ४४ वाढ अळीच्या पोटांत गेली! मलबारचे कलेक्टर कोनोली यांनीं १८४० नंतरच्या दशकांत चातु मेनन यांच्या हातून ज्या निलंबुरास सागाची लागवड करविली, तेंच हें निलंबूर. सागाच्या इतक्या जुन्या लागवडी जगांत फार थोड्या आहेत.

एकजात वनाची कथा

एकाच जातीचीं झाडें रांगेनें लावून त्यांचें वन करावयाचें ही पद्धति मुख्यतः जर्मनींत वाढली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथें लाकडाची टंचाई भासूं लागली, तेव्हां सरळ वाढणारें, लवकर हातीं येणारें व सहज मोजतां येणारें स्प्रूस हें सूचिपर्णी झाड ठिकठिकाणीं लाविलें गेलें. मूळचें तें थंड डोंगरांतलें. परंतु जेथें पूर्वीं बीच व ओक यांचीं रानें होतीं अशा खालच्या मुलुखांतही तें नेण्यांत आलें. म्युनिक येथील प्राध्यापक कार्ल गायर यांनीं १८८६ मध्यें ‘मिश्र वन’ याच नांवाचा ग्रंथ लिहून या एकजात लागवडीविरुद्ध स्वदेशीयांस इशारा दिला होता. आपल्या देशांत १८६४ मध्यें वनखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झालेले डीट्रिख ब्रँडिस हेही जर्मनच होते; तेव्हां त्या देशांतील वनविद्येचे गुणदोष आपल्याकडेही थोडेबहुत आले यांत नवल नाहीं.

गायर यांच्या इशाऱ्याचा प्रत्यय पुढील पिढ्यांस आला. स्प्रूसच्या सालीखालीं शिरून तिच्यांतील अन्नरसाचा मार्ग तोडणारा एक इवलासा भुंगेरा आहे. निरोगी झाड आपल्या राळेनें त्यास बुडवून मारतें. परंतु झाड पाण्यावांचून अशक्त झालें कीं त्याचें फावतें. पहिले भुंगेरे एक विशिष्ट गंध सोडून आपल्या हजारों भाईबंदांस बोलावतात, आणि शेजारीं तेंच झाड, त्याच्या शेजारींही तेंच झाड असल्यामुळें पंगत कोठेंच मोडत नाहीं. २०१८ पासून तेथें लागोपाठ कोरडे उन्हाळे आले. जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ एवढ्या काळांत जर्मनींत सुमारें पांच लाख हेक्टर वन नाहींसें झालें, असें उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून तेथील अवकाशसंस्थेनें काढलें. अवर्षण, वादळें आणि हा भुंगेरा या तिघांचें तें काम. आणि त्यांत सर्वाधिक बळी स्प्रूसचा गेला.

मिसळ उपयोगी पडते ती कशी?

झाडांची मिसळ केल्यानें किडीस आळा बसतो तो तीन मार्गांनीं, असें शास्त्रज्ञ मानतात.

पहिला मार्ग अन्नाच्या विखुरण्याचा. १९७३ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे रिचर्ड रूट यांनीं कोबीच्या कुळांतील एका भाजीवर प्रयोग करून दाखविलें कीं, एकाच पिकाच्या दाट वाफ्यांत त्या पिकावर जगणारे किडे अधिक सांपडतात व तेथेंच मुक्काम ठोकतात. मिठाईचीं सर्व दुकानें एका गल्लींत असल्यास माशांस हिंडावें लागत नाहीं, तसेंच हें. दोन खाद्य झाडांमध्यें चार अखाद्य झाडें आलीं कीं किड्याचा वेळ शोधण्यांत जातो, शक्ति खर्च होते, आणि वाटेंत पांखरें त्यास टिपतात.

दुसरा मार्ग लपविण्याचा. किडे आपलें झाड बहुतांशीं वासानें व आकृतीनें ओळखतात. रुंद पानांच्या झाडांचा वास मिसळला तर स्प्रूसवरील भुंगेरे बुचकळ्यांत पडतात, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे.

तिसरा मार्ग किडीच्या शत्रूंस आश्रय देण्याचा. अळ्यांच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधीलमाशा, कोळी, मुंग्या, पांखरें यांस वर्षभर अन्न व निवारा पाहिजे. सागावरची अळी वर्षांतून थोडे आठवडेच विपुल असते. बाकीचे महिने तिच्या शत्रूंनीं जगावें कशावर? आजूबाजूस फुलें असलीं, इतर झाडांवर इतर अळ्या असल्या, तरच ते तग धरतात आणि वेळीं उपयोगी पडतात.

फ्रान्समधील प्रयोग

हे तर्क प्रत्यक्ष जमिनीवर तपासण्याकरितां फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराजवळ, एक मोठा प्रयोग चालू आहे. त्या भागांत १८५७ च्या कायद्यानंतर पडीक माळांवर व वाळवंटावर पाइनचें एकजात वन वाढविण्यांत आलें, आणि त्याचा विस्तार दहा लाख हेक्टरांच्या घरांत गेला. तेथेंच २००८ मध्यें पाइन, बर्च आणि ओकच्या तीन जाती अशीं पांच प्रकारचीं २५,६०० झाडें २५६ तुकड्यांत लाविलीं. कोठें एकच जात, कोठें दोन, कोठें तीन, चार आणि पांचही. या कामाशीं एर्व्हे जाक्तेल या शास्त्रज्ञांचें नांव निगडित आहे.

त्या मुलुखांत पाइनवर एक अळी पडते. ती झाडाच्या शेंड्याशीं रेशमी घरटें विणते, आणि खालीं उतरतांना अळ्या एकीच्या मागें एक अशा लांबलचक रांगेनें चालतात. तिच्या केंसांनीं माणसांच्या अंगावर गांधी उठतात. हिचा पतंग रात्रीं आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाइनची उंच आकृति हेरून अंडीं घालतो. वनाच्या कडेस रुंद पानांच्या झाडांचें कुंपण लाविलें तर आंतील पाइन कमी सांपडतात, असें तेथील शास्त्रज्ञांस आढळलें. पुढें मिश्र तुकड्यांत पाहतां, बर्चच्या सोबतीनें पाइनचें रक्षण होतें, पण ओकच्या सोबतीनें तसें होत नाहीं, असें दिसलें. कारण उघड आहे. बर्च पाइनच्या बरोबरीनें उंच होतो व त्यास झांकतो. ओक हळू वाढतो, आणि त्याच्या वर पाइनचें डोकें अधिकच उठून दिसतें. यावरून पहिला बोध असा, कीं किती जाती मिसळल्या यापेक्षां कोणत्या मिसळल्या याला महत्त्व अधिक.

जाक्तेल आणि न्यूझीलंडमधील त्यांचे सहकारी ब्रॉकरहॉफ यांनीं २००७ मध्यें जगभरच्या ११९ निरीक्षणांचा एकत्र ताळा मांडला. एकाच किंवा थोड्या जवळच्या जातींवर जगणाऱ्या किड्यांचें नुकसान मिश्र वनांत बहुतेक सर्वत्र कमी आढळलें. जे किडे वाटेल तें खातात, त्यांच्या बाबतींत मात्र नियम सांपडला नाहीं. कोठें कमी, कोठें अधिक.

नाण्याची दुसरी बाजू

ही दुसरी बाजू आम्हीं दादांशीं बोलतांना विचारांतच घेतली नव्हती. युरोप-अमेरिकेंतील एक केसाळ अळी ओकवर विशेष प्रेम करते. लहान अळीस नुसत्या पाइनवर पोसतां येत नाहीं. परंतु ओक जवळ असला कीं ती त्यावर वाढते, आणि मोठी झाल्यावर तो संपला कीं पाइनकडे वळते. येथें मिसळ पाइनच्या मुळावर येते. कांहीं मावा-वर्गीय किडे अर्धें आयुष्य स्प्रूसवर व अर्धें डग्लस फरवर काढतात. हीं दोन झाडें शेजारीं लावणें म्हणजे त्यांस दोन्ही घरें बांधून देणें होय. चीनच्या आग्नेय भागांतील जुन्या नैसर्गिक वनांत तर, झाडांच्या जाती जितक्या अधिक तितकीं पानें अधिक खाल्लेलीं, असें २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलें. अर्थात् तेथील किडे बव्हंशीं सर्वभक्षक.

‘नैसर्गिक’ आणि ‘मिश्र’ हे शब्दही एकाच अर्थाचे नव्हेत. मध्यप्रदेशांत मंडला व त्याच्या आसपास सालवृक्षांचीं अफाट वनें आहेत. तीं कोणी लाविलीं नाहींत, तरी त्यांत साल इतका दाट असतो कीं तें जवळजवळ एकजातच वन होय. सालाचें खोड पोंखरणाऱ्या मोठ्या भुंगेऱ्याची सांथ तेथें १९२३ ते १९२८ या काळांत आली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत पुन्हा आली. दोन्ही वेळां असंख्य झाडें गेलीं. उपाय म्हणून ताजीं तोडलेलीं सालाचीं खोडें ठेंचून ठेवीत. त्यांच्या रसाच्या वासानें भुंगेरे गोळा होत आणि गांवकरी ते वेंचून मारीत. त्या वेंचणीचे त्यांस पैसे मिळत.

मग सागाचें काय?

आतां दादांच्या प्रश्नाकडे वळूं. सागावरची अळी मुख्यतः साग व त्याच्या कुळांतील झाडें खाणारी आहे; निर्गुडीवरही ती जगते. तेव्हां वरील नियमाप्रमाणें मिसळीनें ती कमी व्हावी. परंतु या पतंगांचें उड्डाण मोठें असतें. ते थव्याथव्यांनीं दूरवरून येऊन उतरतात, आणि नैसर्गिक मिश्र वनांत विखुरलेल्या सागांवरही अळी पडते असें डॉ. नायर यांनीं नमूद केलें आहे. आम्हांस त्याची साक्ष दादांच्याच जमिनींत मिळाली होती, पण तेव्हां तिचा अर्थ कळला नाहीं. बांधापलीकडे जुन्या रानाची एक पट्टी शिल्लक आहे. तींत आपोआप उगवलेले दोन साग आहेत. त्यांचींही पानें त्या दिवशीं चाळणी झालेलीं होतीं! मुंबईच्या वाचकांनीं खाडीकांठीं पाहिलें तर हीच अळी तेथें तिवरांचीं पानें खातांना त्यांस आढळेल. पावसाळा संपतां संपतां तिवराचे पट्टेच्या पट्टे उघडे पडतात, आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हा हिरवे होतात. ज्या किड्याची भूक सागापासून खारफुटीपर्यंत पोंचते, त्यास चार ऐन-किंजळांनीं वाट चुकवितां येईल अशी खात्री देतां येत नाहीं.

याचा अर्थ मिसळ निरुपयोगी असा मात्र नव्हे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील कीटकशास्त्रज्ञ बीसन यांनीं हिंदुस्थानांतील वनकीटकांवरील आपला मोठा ग्रंथ १९४१ मध्यें प्रसिद्ध केला. सागाच्या लागवडींमध्यें नैसर्गिक वनाच्या पट्ट्या सोडाव्या. सागाखालचीं झुडपें सरसकट न तोडतां, ज्यांवर निरुपद्रवी अळ्या राहतात व त्यांच्या आधारें सागाच्या अळीचे शत्रू जगतात तीं राखावीं. आणि ज्यांवर सागाचीच अळी पोसते तीं काढून टाकावीं, असा त्यांचा उपदेश होता. एवढ्यानें झुंडीचा हल्ला थांबतोच असें नाहीं. पुढें केरळांत या अळीस नैसर्गिकरीत्या होणाऱ्या एका विषाणुजन्य रोगाचा उपयोग करून तिला आवर घालण्याची रीत शोधण्यांत आली, ती याच कारणानें. परंतु किडीचे शत्रू पोसणें हा बीसन यांचा मुद्दा आजही विचारांत घेण्याजोगा आहे.

मिसळीचा आणखी एक लाभ आहे, आणि तो समजण्यास शास्त्रज्ञ नको. आपला शेतकरी ज्वारींत तुरीचे तास टाकतो, तो कांहीं किडीचे सिद्धांत वाचून नव्हे. एक पीक बुडालें तर दुसरें हातीं लागावें, एवढाच त्याचा हिशेब. गोमंतकांतील कुळागरांत सुपारी, नारळ, केळी, मिरी, जायफळ हीं एकमेकांच्या सावलींत नांदतात; एका वर्षीं सुपारीनें दगा दिला तरी घर उघडें पडत नाहीं. साग एका आषाढांत निष्पर्ण होतो तेव्हां शेजारचा ऐन व किंजळ हिरवाच असतो. मातीवर सावली राहते, पावसाचा मारा थेट जमिनीवर बसत नाहीं, आणि मालकासही सर्वस्व गमावल्याची धडकी भरत नाहीं.

तेव्हां ज्यांस आपल्या जमिनींत झाडें लावावयाचीं आहेत, त्यांस आमचें सांगणें असें. उभें रान असेल तर तें समूळ तोडूं नये. मिसळावयाचीं झाडें एकाच कुळांतील नसावीं, आणि तीं मुख्य झाडाच्या बरोबरीनें वाढणारीं असावीं. तळचें झुडूप केवळ बाग स्वच्छ दिसावी म्हणून साफ करूं नये. आणि इतकें करूनही कीड मुळींच येणार नाहीं, अशी अपेक्षा ठेवूं नये.

आम्हीं दादांस हें सर्व पत्रानें कळविलें, आणि पहिल्या उत्तराबद्दल क्षमाही मागितली. कोणी आपलें रान आमच्या शब्दावर राखावें वा तोडावें, तर तो शब्द तपासलेला असला पाहिजे. त्यांचें उत्तर थोडक्यांत आलें. भाद्रपदापर्यंत साग पुन्हा पानांनीं भरला, तळचें तण त्यांनीं यंदा काढलें नाहीं, आणि बांधापलीकडील पट्टी तोडण्याचा बेत रद्द केला. ज्या ओळींत साग मेले होते तेथें ऐन व किंजळ लाविले आहेत, आणि तीं रोपें लावण्यास नातच पुढें होती. तिच्या शिक्षणाचा पैसा सागांतून केव्हां येईल, हें त्यांनीं यावेळीं लिहिलेलें नाहीं.